काकांची भिंत

आज सकाळी पडवीत कित्येक वर्षांनी खारा वारा आला आणि समोर समुद्र दिसला. शेजारी राहणाऱ्या काकांनी पर्यटकांसाठी खोल्या काढताना मध्ये उंच भिंत घातली होती. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले.

"खिडकीपुढची तेवढी सोड रे, समुद्र दिसू दे," त्यांनी सख्ख्या भावाला विनवलं.

"आता समुद्र बघून काय करणार आहेस, दादा?" काका हसले होते.

बाबा भिंतीकडे बघतच गेले.

कालच्या उधाणात ती भिंत पडली. समुद्राच्या मनात कुणाबद्दल काही नसतं. माझ्या मनात मात्र होतं. काका वाकून चिरे गोळा करत होते.

"जरा हात लाव रे!" त्यांनी हाक मारली.

मी चहाचा घोट घेतला.

"घाई कशाला, काका? दुपारी पुन्हा भरती आहे."