लाल दोऱ्याचा टोप

ये गो बाय, इकडे सर. आणखी जवळ. कागदातून किती जवळ येणार म्हणशील, तर ये जमेल तेवढी. आधी मला तुला रागवायचं आहे, आणि लांबून रागावलं की ते भांडण वाटतं.

गेल्या नाताळात तू दोन दिवस आलीस ती डबा घेऊन. आजीच्या घरी, डबा. कुडाळ स्टेशनावर उतरलीस तेव्हाच पिशवीतून त्याची कडी डोकावत होती. मला वाटलं रिकामा असेल, जाताना काजू न्यायला आणला असेल. घरी येऊन हातपाय धुतलेस, पाटावर बसलीस आणि मी भात वाढायला वाकले तोवर तू झाकण काढलंस. चपात्या, शेंगदाण्याची चटणी, सोयाबीनच्या पनीरासारख्या कसल्या पांढऱ्या वड्या. "तुला त्रास नको, आजी," म्हणालीस. पळीतला भात मी परत टोपात टाकला.

त्रास कसला गो? पन्नास वर्षं चुलीपुढे काढली मी. लग्नाची पानं उठवली, बाराव्याची उठवली. एका पोरीचं पान जड होणार होतं मला?

आणि वर मीठ चोळायला शेजारच्या टीचर आल्या. त्यांचा नाताळ, बशीत दोदोल घेऊन आल्या. तू विचारलंस, यात तूप आहे का? त्या म्हणाल्या, "नाय गो बाय. नारळाचो रस, गूळ आणि तांदळाचा पीठ. ढवळून ढवळून हात मोडले माझे, तेल सुटलला तां नारळाचाच." झालं. तू एक तुकडा घेतलास, मग दुसरा घेतलास, बोटं चाटलीस. माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून टीचरांच्या हातचं खाल्लंस आणि माझा भात टोपात निवत पडला.

दोन दिवस मी तोंड चढवून वावरले. तुला वाटलं असेल म्हातारीचे गुडघे धरलेत. तू गेलीस आणि मग घर झाडता झाडता मला स्वतःशी कबूल करावं लागलं की डबा आणलास तू, पण तो आणायला लावला मी. तुला ठाऊक आहे का ते मला नक्की ठाऊक नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. रागवायचं झालं, आता तू रागवायचं आहेस.

दोन वर्षांमागच्या मे महिन्यात तू दहा दिवस राहायला येणार होतीस. तुझ्या आईने फोन करून सांगितलं, ती आता व्हीगन झाली आहे. म्हणजे काय ते विचारलं. मासे नाहीत, मटण नाही, अंडी नाहीत. मी म्हटलं, मग शिवराकच ना? आमच्याकडे सोमवार शिवराक, श्रावण शिवराक, गणपतीचे दिवस शिवराक. त्याचं मला काय मोठंसं. मग तिने पुढची यादी वाचली. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. तूप म्हणाली तिथे मी ओट्यावर टेकले.

कारण तूप करून ठेवलं होतं. तू येणार हे कळल्यापासून महिनाभर वाडीतल्या म्हशीच्या दुधाची साय धरली होती. ताकाची रवी फिरवून खांदा भरून आला होता. दाणेदार तूप काचेच्या बाटलीत घालून फळीवर पुढे ठेवलं होतं, तू दारातून आलीस की दिसावं म्हणून. लहान होतीस तेव्हा तूप-गूळ-भाताच्या घासासाठी माझ्यामागे विहिरीपर्यंत यायचीस. आता ते तूप कुणाला वाढू?

पहिले दोन दिवस माझी तारांबळ उडाली, तुला हसू आवरत नव्हतं. चहात मी नारळाचा रस घातला तर तो फाटला आणि वर तेलाचे डोळे तरंगायला लागले. तरी तू कप उचललास, मीच हिसकावून घेतला. मग काजूची कणी भिजत घालून वाटली, फडक्यातून गाळली, ते दूध उतरवलेल्या चहात घातलं. तो जमला. टीचर एकदा पिऊन गेल्या, त्यांना सांगेपर्यंत कळलं नाही.

बाकी बघायला गेलं तर तुझं जेवण माझ्या घरात आधीच होतं. काळ्या वाटाण्यांची उसळ आपण भाजक्या खोबऱ्याच्या वाटपातच करतो. सोलकढी नारळाच्या रसाची. शेवग्याचा पाला, फणसाची भाजी, ओल्या काजूंची उसळ, घावन आणि गुळाचा रस, सकाळची उकड्या तांदळाची पेज. कशाला दूध लागतं? मी बोटांवर मोजत गेले तर मलाच नवल वाटलं. तूसुद्धा म्हणालीस, आजी, तू तर निम्मी व्हीगनच आहेस. मी म्हटलं, बांगड्याला विचारून सांगते.

मग माझी मती कुठे गेली?

तू बारीक दिसत होतीस. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जायची. आईच्या आईला एवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी दुपारी कुळथाची पिठी केली. लसूण ठेचला, कढई तापली, तेलाची किटली हाताशी होती. माझा हात मात्र फळीवर गेला. म्हटलं, एक चमचा. लसणाच्या फोडणीत कोण हुंगतंय? औषध समजून जाईल पोटात. फोडणी दिली आणि बाटली मसाल्याच्या डब्यामागे सरकवली. लपवली, असंच म्हणायला हवं.

तू दोन वाट्या पिठी प्यायलीस. म्हणालीस, आईच्या पिठीला असा वास येत नाही, तू काय घालतेस? आणि मी, देवाच्या दारात कधी खोटं बोलले नाही ती बाई, तोंड न वळवता म्हणाले, "लसूण गावठी आसा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. पहिल्यांदा दाराकडे बघून घेतलं होतं, दुसऱ्यांदा बघितलंही नाही. त्याची मला आता जास्त लाज वाटते.

पाचव्या दिवशी आपण रेडीला गणपतीच्या दर्शनाला गेलो, आठवतं ना. एस्टीत खिडकी तुझी. पिशवीत तू केळी, शेंगदाणे आणि पोह्यांचा चिवडा घेतला होतास. प्रवासात काय मिळेल सांगता येत नाही, म्हणालीस, मिळालं तर बटाटेवडा, नाही तर हे. मला ते बरं वाटलं नव्हतं. नातीला घेऊन देवाला जायचं आणि केळी खाऊन परतायचं? म्हणून दर्शन झाल्यावर हट्टाने तुला खाणावळीत नेलं. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, बाहेर फळ्यावर खडूने माशांची नावं.

तू त्या बाईला विचारायला लागलीस. आमटीत तूप आहे का? भाजीत दही? सोलकढीत ताक घालता का? मी टेबलाखालून तुझ्या पायाला पाय लावला. दुपारची वेळ, बाहेर माणसं ताटकळलेली, आणि ही पोरगी उलटतपासणी घेते आहे. ती बाई चिडेल, आपल्याला उठवेल, असं मला वाटलं. ती पदराला हात पुसत आली, तुझ्याकडे बघितलं, म्हणाली काळ्या वाटाण्यांची उसळ आहे, तिच्यात तूप-दही काही नाही. तू हो म्हणालीस. ती आत गेली आणि दारातूनच परत फिरली.

"बाय, ऱ्हवंदे. उसळीत कायएक नाय, पण त्याच टोपात सकाळी सुंगटा केललंय. टोप घासललो आसा. तरी खोटा कित्याक सांगू? माझ्या पोटात नाय, तुझ्या पोटात जातला."

सुंगटं म्हणजे कोळंबी, तुला कळलं होतं. तू हसलीस आणि तिचे आभार मानलेस. तिने तुला कोरा भात आणि सोलकढी दिली, आंब्याचं लोणचं दिलं, एक भाजलेला पापड स्वतःहून आणून ठेवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तू पोटभर जेवलीस. माझ्यापुढे तळलेला बांगडा होता, गरम, कुरकुरीत, आणि मी नुसते त्याचे काटे काढत बसले. तुझी माझी सात जन्मांची ओळख, तिची तुझी सात मिनिटांचीही नव्हती. तिने घासलेल्या टोपाचंसुद्धा सांगितलं, आणि मी बाटली डब्यामागे ठेवून आले होते.

येताना एस्टीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा शिरोड्याच्या स्टॅंडवर, एकदा कुडाळच्या अलीकडे. म्हटलं, झोपमोड कशाला. निमित्त काय, माणसाला कुठलंही चालतं. घरी आल्यावर सांगितलं नाही, पण फोडणी तेलाची द्यायला लागले. तू म्हणालीस, आज पिठीचा वास वेगळा आहे. मी म्हटलं, लसूण संपला.

तू गेलीस त्या दिवशी तुझी भांडी मांडून ठेवत होते. बघते तर तुपाची बाटली मसाल्याच्या डब्यामागे नव्हती. फळीवर पुढे होती, तिच्या जुन्या जागी, झाकण पुसलेलं. मी हलवली नव्हती. घरात आपण दोघीच होतो.

बाटलीचं सोडून फोनवर आपण पावसाचं बोललो, तुझ्या नोकरीचं बोललो, टीचरांच्या मांजराचं बोललो. दीड वर्ष. आणि मग तू डबा आणलास. आता सांग, मला रागवायला तोंड आहे का?

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. आम्हा बायकांचा तो दिवस, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगर फिरला त्या जमिनीतलं नको. परसातलं आपल्या हाताने लावलेलं तेवढंच, अळू, सुरण, भोपळा, भेंडी, मक्याचं कणीस, सगळं एकत्र शिजवायचं. आमच्या घरात त्या दिवशी दूध-तूपही नसतं. सासूबाईंनी शिकवलं, मी केलं, का ते कधी विचारलं नाही. त्या वर्षी ती भाजी पानात घेतली आणि घास हातातच राहिला. म्हटलं, अरे, हे तर तिचं जेवण. बैलाला त्रास नको म्हणून मी वर्षातला एक दिवस जेवते, ही पोर म्हशीला त्रास नको म्हणून रोज जेवते. मी एवढी वर्षं हे व्रत धरून बसले आणि तुझ्या व्रतात गुपचूप तूप ओतलं. माझ्या ऋषीच्या भाजीत कुणी सुकटाची पूड टाकली असती तर मी काय केलं असतं? घर डोक्यावर घेतलं असतं.

तेव्हाच फोन उचलायचा होता. उचलला होता, खरं सांगते. तुझ्या आईने घेतला आणि मी भाजीत मीठ कमी पडलं एवढंच सांगून ठेवला.

मी काही तुझ्यासारखी होणार नाही हो. बांगडा सुटायचा नाही मला, खोटं कशाला सांगू. पण ते तूप मी खाल्लं नाही, कुणाला वाढलंही नाही. देवापुढच्या निरांजनाला घालत आले, परवा बाटली संपली. धुऊन तिच्यात आता कोकमाचं आगळ भरलंय.

आणि कुडाळच्या बाजारातून एक नवा टोप आणलाय, एक पळी आणि एक लहान कढई. टोपाच्या काठाखाली गोधडी शिवायचा लाल दोरा बांधलाय. चुलीवर चढवताना सोडते, घासून झाला की पुन्हा बांधते. त्यात मासा शिजला नाही, दूध तापलं नाही, आणि शिजणारही नाही. टीचर म्हणाल्या, नात यायच्या आधीच टोपाला सोवळ्यात बसवलंत? मी म्हटलं, त्या खाणावळवालीने शिकवलंय. तसा तो रिकामा नसतो. दर सोमवारी माझी शिवराक उसळ त्यातच करते, हात बसायला हवा. परवा ओल्या काजूंची केली, बिया सोलताना डिंकाने बोटं काळी झाली ती अजून निघाली नाहीत. तेलाचीच फोडणी. वास वेगळा येतो, पण वाईट नाही गो. दोनदा वाढून घेतली.

तर सांगायचं ते सांगून झालं. मी तुला फसवलं, दोन दुपारी, दोन चमचे. चुकलं माझं. तुला राग आला असेल तर तो घेऊन ये, फोनवर काढू नकोस, माझं बोलणं फोनवर सगळं विस्कटतं. येशील तेव्हा ओट्याशी पाट टाकून देईन. तिथे बस, मी फोडणी देताना बघ, किटलीचा वास घे, हवं तर तूच दे फोडणी. मला सोन्यासारखं वाटेल.

काजू अजून पंधरा-वीस दिवस ओले राहतील, मग बिया घट्ट होतात आणि मजा जाते. त्याच्या आत सुट्टी काढ. गाडीत खायला हवं तर आण, केळी आण, चिवडा आण. डबा मात्र रिकामा आण बाय, परतीच्या गाडीसाठी मी भरून देईन. लवकर ये.