बुनरेताईचा सोमवार

आमच्या बेटावर रविवारचं प्रवचन रविवारी संपत नसे. सोमवारी सकाळी ते बुनरेताईच्या पायांनी गावभर फिरायचं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे हे, व्यासपीठावरून जे काही बोलून जात, ते ही बाई दुसऱ्या दिवशी करून मोकळी व्हायची. बाकीची मंडळी माझ्यासारखी. प्रवचन छान झालं म्हणायचं, घरी जाऊन भात लावायचा.

ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, असं हे एकदा बोलले. सोमवारी बुनरेताईने आपला कापूस भरलेला कोट बोटीची तिकिटं फाडणाऱ्या पोरीला देऊन टाकला. मंगळवारी बर्फ पडला. मग माझा कोट कुणाच्या अंगावर गेला असेल ते सांगायला नको. खोलीत जा, दार लावून घे आणि प्रार्थना कर, असं ऐकलं तेव्हा तिच्या घरात दार लागणारी एकच खोली होती, आणि तिच्यात लाल मिरच्या वाळत घातलेल्या. तासाभराने ती डोळे सुजवून, नाक पुसत बाहेर आली. शेजारणी म्हणाल्या, "बघा, आत्म्याने केवढं रडवलं हिला!" ती म्हणाली, "आत्म्याने कुठलं, मिरच्यांनी! पण प्रार्थना झाली हं."

आणि विधवांच्या समाचाराला जा म्हटलं त्या सोमवारी मी मुद्दाम तिच्याकडे डोकावले. ती चुलीपाशी एकटीच बसून उकडलेली रताळी खात होती.

"काय गं, आज कुठे गेली नाहीस?"

"आलेय ना. विधवेच्या समाचाराला आलेय. बरी आहे बिचारी. बसा, पाळकीणबाई, रताळं घ्या."

अशी बाई. बुटकी, उन्हाने रापलेली, वरचे दोन दात पडलेले, आणि गळा असा की ती गीत गायला लागली की बाजा वाजवणाऱ्याला तिच्या मागे धावावं लागे. तिचा नवरा जोंगदो समुद्रात गेला तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. पोरं दोघंही मोकपो शहरात नोकरीला लागली, ही इथेच राहिली. लोक म्हणत, ही हसते कशी? मी म्हणायचे, सांगितलेलं ऐकते म्हणून हसते. तिला रात्री उशीवर डोकं टेकल्यावर कशाचा हिशेब लावावा लागत नाही.

पण एक गोष्ट सगळ्या बेटाला ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. आमचे हे वैऱ्यावर प्रेम करण्याच्या विषयावर कधीच प्रवचन देत नसत.

कारण बुनरेताईला एक वैरी होता. गिलसू. जोंगदोचा जिवाभावाचा मित्र, एका ताटात जेवलेला. दोघं एकाच बोटीवर जायचे. त्या दिवशी आभाळ फिरलं होतं, जोंगदो परत फिरू म्हणत होता, गिलसू म्हणाला जाळ्यांची एवढी एक रांग आवरू आणि जाऊ. बोट उलटली. गिलसू फळी धरून आला. जोंगदोला दोन दिवसांनी समुद्राने आणून टाकलं. गिलसू तोवर मंडळीत गीतं चालवायचा. त्यानंतर त्याने देवळाची पायरी चढली नाही. आणि बुनरेताईने त्याचं नाव तोंडात घेतलं नाही. त्याच्याबद्दल बोलायची वेळ आलीच तर "तो खालच्या घरातला" म्हणायची. त्याचं घर देवळाच्या खाली, अगदी कुंपणाला लागून. रोज दिसायचा.

त्या हिवाळ्यात हे डोंगरावरच्या उपदेशावर ओळीने बोलत होते. ओळीने जायचं म्हटलं की जे यायचं ते येतंच. जेवताना मला म्हणाले, "या रविवारी मी सरळ प्रार्थनेच्या भागावर जावं म्हणतो."

"आणि मधला भाग?"

"वेळ कमी पडेल."

"वेळ कमी पडतोय की धीर?" मी म्हटलं. "तिला घाबरता तुम्ही. ती ऐकेल याची भीती वाटते. दुसऱ्या पाळकांना कुणी ऐकत नाही म्हणून झोप येत नाही, तुमचं उलटंच!"

ह्यांनी आंबवलेल्या कोबीचं, किमचीचं, वाडगं पुढे ओढलं आणि जेवण उरकलं. पण रविवारी बोलले. वैऱ्यावर प्रेम करा, छळणाऱ्यासाठी प्रार्थना करा. मी बायकांच्या बाजूला बसून बुनरेताईच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ हलली नाही. शेवटच्या गीताला तिचा गळा नव्हता. बाजा एकटाच वाजत राहिला.

सोमवार आला आणि गेला. बुनरेताई गावात कुठे दिसली नाही.

मंगळवारी भर दुपारी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. ओहोटीच्या, म्हणजे कामाच्या वेळी कुणी असं हात बांधून बसत नाही.

"पाळकीणबाई, काल निघाले होते. विहिरीपर्यंत गेले आणि परत आले."

"बरं मग?"

"आज परत निघाले. परत विहिरीपर्यंतच. पाय उचलत नाही. मला बळच नाही हो. प्रभूला सांगा, आधी बळ दे, मग जाते."

"एवढं एक राहिलं तर राहू दे गं," मी म्हटलं. मला खरंच वाटलं तसं. माझा नवरा कुणी बुडवला असता तर मी त्याच्या घराला काडी लावली असती.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे नको, ते चालेल, असं करायला मी काय बाजारात आलेय? आजवर मी मला पटलं तेवढंच ऐकलं, असं होईल ना मग. प्रभूचं नाही, माझंच."

मी तिला चहा दिला. तिने तो न पिताच ठेवला.

त्यानंतर ती वाळत गेली. पहाटेच्या प्रार्थनेला यायची, भिंतीशी बसायची, तोंडातून शब्द नाही. कुणी थट्टा केली तरी हसायची नाही. मला माझ्या नवऱ्याचा राग आला, प्रवचनाचा आला, आणि खरं सांगते, देवाचाही आला. ज्या बाईने त्याचं सगळं ऐकलं तिलाच हा असा पेच का? मला भीती वाटत होती ती याची की ही एका जागी अडली तर पुढे ऐकणंच सोडून देईल. मग आमच्यात आणि तिच्यात फरक तो काय राहिला असता?

गिमचा हंगाम ऐन भरात होता. समुद्रातला तो काळा पाला आणायचा, बारीक चिरायचा, पाण्यात कालवून छोट्या चटयांवर पातळ ओतायचा आणि त्या चटया उन्हात पेंढ्याच्या भिंतीवर टाचून ठेवायच्या. वाळला की खायचा, कागदासारखा ताव सुटतो. ओला असताना त्यावर पाऊस पडला की भोकं पडतात, मग तो कुणी फुकट घेत नाही. म्हणून आभाळाचा रंग बदलला की बेटावर लहानथोर सगळे धावतात. फक्त रविवारी नाही. रविवारी भिंती रिकाम्या. आमच्या बेटावर रविवार पाळतात म्हणजे पाळतात, त्या दिवशी कुणी सुईत दोराही ओवत नाही. मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, बेक आजोबा तर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांच्या भिंतींवरून नजर फिरवून यायचे.

एकट्या गिलसूच्या भिंतीवर रविवारी चटया असत. त्याला आता कोण काय म्हणणार होतं?

त्या रविवारी ह्यांचं प्रवचन अर्ध्यावर आलं आणि खिडक्या काळवंडल्या. वारा फिरला. काचेवर गारेसारखं काहीतरी टकटकलं. पाऊस नाही, बर्फ नाही, दोन्हींची भेसळ. आमच्या खिडकीतून खाली गिलसूची भिंत सबंध दिसते. वरपासून खालपर्यंत काळी, ओली. त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला मोकपोला गेलेली. तो एकटाच धावत होता, आणि बोट उलटली तेव्हापासून त्याचा उजवा खांदा वर जात नाही. वरच्या रांगेला हात पोचेना.

सगळ्यांना दिसत होतं. सगळे बायबलात बघत होते. मागून कुणीतरी पुटपुटलं, "रविवारी टाकलं की असंच व्हायचं." बेक आजोबा खाकरले. हे बोलत होते, पण काय बोलत होते ते त्यांनाही कळत नसावं.

बुनरेताई उठली.

इतक्या वर्षांत ती उपासनेतून कधी मध्येच उठली नव्हती, ताप असतानाही नाही. रविवारचा पांढरा पोशाख, हातात रबरी चपला. दार उघडलं तसा गार वारा आत आला. मी खिडकीशी गेले, लाज सोडून. ती पायऱ्या उतरली. कुंपणापाशी थांबली. तिचे खांदे वरखाली होत होते. मी मनात म्हटलं, ही आता फिरणार. देवा, हिला फिरू देऊ नकोस.

ती कुंपणाच्या फटीतून शिरली. पोशाख अडकून टर्रकन फाटला. आणि मग तिचा तो गळा, बंद खिडकीतूनही ऐकू आला:

"भाऊजी! असे बघत काय उभे राहिलात? खालची रांग काढा! वरची मी काढते! शिडी कुठे मेली?"

गिलसू जागच्या जागी खांब झाला.

"शिडी, भाऊजी, शिडी! माझं तोंड मग बघा!"

मी माझ्या चपला शोधायला लागले. बेक आजोबा कडाडले, "पाळकीणबाई! उपासना चालू आहे!"

"तिकडे पण चालूच आहे, आजोबा," मी म्हटलं आणि निघाले. मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं, लग्नाच्या बायकोलाच बघता येतं तसं.

ह्यांनी बायबल मिटलं. "मंडळीहो, आशीर्वाद खाली देतो," म्हणाले.

मग काय! सगळं देऊळ त्या पायऱ्यांवरून उतरलं. पांढऱ्या पोशाखातल्या म्हाताऱ्या, टाय लावलेले बाप्ये, सगळे चटया उपसताहेत, पाठीवर थप्पी घेऊन गोठ्याकडे पळताहेत. ह्यांनी डोक्यावर एवढ्या चटया घेतल्या की चष्म्यावरून काळं पाणी ओघळत होतं. बेक आजोबा शिडीचा पाय धरून उभे. "मी काम करत नाहीये," येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मी नुसता उभा आहे. शिडी माझ्या हाताला टेकलीय."

बराचसा माल वाचला. गोठ्यात आम्ही सगळे दाटीवाटीने उभे होतो, ओलेचिंब, वाफा निघत होत्या. गिलसू जमिनीवर बसला, गुडघ्यांवर.

"वहिनी," तो म्हणाला. "जोंगदो म्हणाला होता परत फिरू. मीच..."

"ठाऊक आहे मला."

"वहिनी, मला माफ..."

"थांबा!" बुनरेताईने हात वर केला. "खोटं नाही बोलणार मी. अजून झालेलं नाही ते. इथे, आतमध्ये, अजून दगड आहे. मला वाटत होतं तो निघाला की मग यायचं. पण यायला सांगितलंय, दगड काढून ये असं नाही सांगितलेलं. म्हणून आले. उद्या परत येते. चटया परत टाचायला लागतील ना?"

"लागतील," गिलसू म्हणाला. तो लहान पोरासारखा रडत होता.

"मग येते. परवाही येते. झालं की सांगते तुम्हाला."

ह्यांनी तिथेच आशीर्वाद दिला. आवाज फुटला त्यांचा मध्येच. घरी जाताना मी त्यांना काही चिडवलं नाही, हे माझ्या संसारातलं मोठं आश्चर्य.

ती गेली. सोमवारी गेली, मंगळवारी गेली, गिलसूची बायको परत आली तरी जात राहिली. काही दिवस एक शब्द न बोलता काम करून यायची. काही दिवस वाटेत विहिरीपाशी बसून रडायची, मग डोळे धुऊन पुढे जायची. मी विचारलं, "आता बळ आलं का गं?" तर म्हणाली, "घरात बसलं की येत नाही हो ते. निघालं की विहिरीच्या पुढे कुठेतरी भेटतं. रोज तेवढंच, त्या दिवसापुरतं." पहाटेच्या प्रार्थनेत तिचा आवाज परत ऐकू यायला लागला. आधी हळू, मग बाजाच्या पुढे.

हंगाम संपता संपता, एका दुपारी, ती धापा टाकत आमच्या ओट्यावर आली. हात कोपरापर्यंत काळे.

"पाळकीणबाई, झालं!"

"काय झालं?"

"अहो, भाऊजींनी चटई उलटी टाचली. मी म्हटलं, जोंगदोच्याच जातीचे तुम्ही, त्याला पण उभं-आडवं कळायचं नाही. तर ते म्हणाले, वहिनी, एकदा तो अख्खी भिंत उलटी टाचून झोपायला गेला होता. आणि मग आम्ही हसलो. दोघंही. पोट धरून. हसताना मला आठवलं की मी कुणासमोर हसतेय, म्हणून आत चाचपून बघितलं." तिने काळाच हात छातीवर ठेवला, पांढऱ्या पोलक्यावर पंजा उमटला. "नाही तिथे. दगड नाही. कधी गेला तेही कळलं नाही."

"त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं ना, तसं कबूल केलं होतं. म्हटलं, भाऊजी, झालं हं. आता रविवारी वर या, तो बाजा माझ्यामागे धावून धावून दमलाय, कुणीतरी नीट सुरात धरायला हवं."

मी तिला तशीच मिठी मारली. माझंही पोलकं गेलं कामातून. आम्ही दोघी तिथे ओट्यावर बसून रडत-हसत होतो, आणि हे दारातून विचारत होते, काय झालं, कुणी सांगेल का मला काय झालं?