आज्याच्या पायाने मोजलेली वाट

खुंटी ठोकली आणि मी जाहीर केलं, "सात फूट. हा दगडी गडगा मागे घ्या."

बागमालक विनायकने जुना कागद पुढे केला. त्यात फूट कुठेच नव्हते. 'वाट सात पावलां, देणाऱ्याच्या अनवाणी पायान, टाचेक चवडो लावन,' असं लिहिलेलं. झाली ना पंचाईत! पंचवीस वर्षं जमिनी मोजल्या आणि पावलाला खुशाल फूट धरून मोकळा झालो. फूट म्हणजे बारा इंच. माणसाचं पाऊल जेमतेम दहा भरतं, म्हणजे सात पावलांचे सहा फूटही होत नाहीत.

जागा मसुऱ्यातली, विनायकच्या काजूबागेतली. त्याच्या आज्याने बागेतून धाकट्या भावाच्या घराला वाट दिली होती. त्या घरात आता सुमतीकाकी आणि त्यांचे आजारी यजमान. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दारात ॲम्ब्युलन्स यायची तर साडेसहा फूट हवेत आणि विनायकने गडगा घालून पाचच ठेवले होते. चौघेजण काकांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत न्यायचे.

कचेरीतल्या साहेबांना फोन केला. म्हणाले, कागदात असेल तसं मोजा. पण ज्याचं पाऊल तो आजा केव्हाच गेलेला! मी वैतागून झाडाखाली बसलो. भर दुपार. मोहराचा वास, खाडीवरून येणारा मंद वारा, पाचोळ्यावर हलणारं ऊन. मला तर झोपच यायला लागली. भांडणसुद्धा लांब कुठेतरी चालल्यासारखं वाटत होतं.

"माका जमीन नको रे," काकी विनायकला म्हणाल्या. "ह्यांका न्हेवक वाट होयी, इतक्याच."

मग विनायकने चपला काढल्या.

"आज्याचे पाय माकाच इलेत, असा सगळे म्हणतत. टेप धरा, साहेब."

तो चालू लागला. अगदी सावकाश, झोपेत चालावं तसा. दुसरं पाऊल टाकताना टाच आणि चवड्यात दोन बोटं जागा राहिली. तिसऱ्यालाही राहिली. सातव्यापर्यंत राहतच गेली. मी वाकून टेप धरली होती, मला सगळं दिसत होतं.

सहा फूट सात इंच. मी तेवढेच लिहिले. चार दिवसांनी विनायकने स्वतः गडगा मागे घेतला आणि ॲम्ब्युलन्स काकींच्या पायरीला लागली.

नव्या मोजणीवाल्यांना मी एवढंच सांगतो: नजर टेपवर ठेवावी, चालणाऱ्याच्या पायांकडे बघू नये.