भरीत, गुलाल आणि बिनमालकाचा व्हिसा

हेमराजचं भरीत तुम्ही खाल्लंय की नाही? मान फिरवू नका. देवपूरबाहेरच्या त्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, तेव्हा अर्धी गल्ली पत्रावळ पुढ्यात घेऊन बसली होती.

हा हेमराज आधी जामनेरच्या बाजारात बैलांची दलाली करायचा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा आणि बैलाच्या पाठीवर गुलाल टाकायचा. गुलाल पडला की सौदा फिरत नाही, हा त्या बाजाराचा कायदा. पुढे बैल कमी झाले. मग याने जळगावला मेहरूणमध्ये काचेच्या दाराचं ऑफिस थाटलं, भिंतीवर विमानाचं चित्र डकवलं आणि परदेशातल्या नोकरीच्या नावाने माणसं विकायला काढली. ‘स्पॉन्सर’ हा शब्द तोंडात सारखा, अर्थाचा पत्ता नाही.

अर्थ सोपा आहे. ज्या मालकाकडे काम करायचं, त्यानेच तिथल्या सरकारकडे तुमच्या नावाने परवानगी मागायची. करार तुम्ही इथं असतानाच हातात यायला हवा. व्हिसा त्या मालकाशी बांधलेला. मालक बदलायचा तर बहुतेक ठिकाणी परवानगी पुन्हा नव्याने. आणि मालकच नाही तर नोकरीचा व्हिसा येणार कुठून? पण विचारतो कोण! आपल्याकडे बैलाचे दात तपासतात, दलालाचे नाही.

भिकुबाईचा स्वप्नील डिप्लोमा झालेला. जळगावच्या एका कारखान्यात मशिनींचे मीटर सांभाळायचा, नोकरी कायम. हेमराजने त्याला आखाताचं गाजर दाखवलं आणि पोराने राजीनामा द्यायच्या आधीच निरोपाचं भरीत घातलं. खर्च हेमराजचा स्वतःचा. काय ती दानत!

भर पंगतीत मी स्वप्नीलला नोकरी देणाऱ्या कंपनीबद्दल विचारलं, “कंपनीनं नाव काय शे रे?”

तो हेमराजकडे बघायला लागला.

“तिथं उतरल्यावर कळेल,” हेमराज म्हणाला. “आधी फिरायच्या व्हिसावर जायचं, मग तिथंच नोकरीचा करून घ्यायचा. सगळे असेच जातात.”

“फिरायच्या व्हिसावर काम केलं तर पकडतात, ए दलाला!”

“दादा, पहिले जेवी ले, मंग भांड,” मागून कोणीतरी टोमणा मारला आणि अख्खी पंगत पुरी चावत हसली.

भिकुबाई वाढता वाढता थांबली. “नको जाऊ रे. हातमा काम शे, ते सोडू नको.”

हेमराजने लगेच मूठभर गुलाल काढून पोराच्या कपाळाला फासला, खांद्यावर टॉवेल टाकला. टाळ्या पडल्या. स्वप्नील आईला म्हणाला, “बठ्ठा गाव जेवी गया माय, आते कसा मांगे फिरू?” सगळं गाव जेवलं, म्हणून त्याला माघार नाही.

बैलसुद्धा गाडीत चढताना एकदा पाय रोवतो.

पोरगा राजीनामा देऊन गेला. करार नाही, मालक नाही. कुणाच्या तरी गोदामात लपून काम. धाड पडली, परत पाठवला. पुढे एका खऱ्या कंपनीने फोनवर मुलाखत घेऊन त्याला निवडलं, स्वतः परवानगीही मागितली. तिथल्या सरकारने जुनी नोंद पाहून नाकारली. मालक मिळाला, तेव्हा दार बंद झालेलं. कारखान्यातल्या जागेवर दुसरा बसलेला. आज स्वप्नील घरातच कूलर दुरुस्त करतो. चौकात येत नाही, कारण ज्यांनी भरीत हाणलं तेच विचारतात, “काय रे, कधी ऊना?” कधी आलास म्हणे!

भिकुबाईला घेऊन मी पोलिसांत तक्रार दिली. साक्षीला गल्ली बोलावली. सगळे एका सुरात म्हणाले, “आम्ही नुसतं जेवायला गेलो होतो.” हेमराज म्हणाला, “पोराचं नशीब.” ऑफिस अजून उघडं आहे, वांग्यांचा मोसम तोंडावर आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. बोलावणं आलं तर जा, पण पुरी तोडण्याआधी जाणाऱ्या पोराला मालकाचं नाव विचारा. नाव आलं नाही तर पत्रावळ पालथी घाला, आईच्या बाजूने उभे राहा आणि यावेळी साक्षीला माझ्यासोबत या.