आत्याची मान आणि भाचीची पापणी

माझ्या डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत एक लाल डाग आहे. जन्मापासूनचा. सपाट, जांभळट, मी चिडले की जास्तच गडद. आमच्या घरात त्याला लासं म्हणतात. एका मावशीच्या मते आईने ग्रहणात बीट चिरलं, त्याचा हा परिणाम. आई म्हणते, तेव्हा आमच्या गावात बीट मिळत तरी होतं का! बाकीच्यांच्या मते ही लक्ष्मीची खूण. असेलही. चाकणला एमआयडीसी आली तेव्हा लक्ष्मीने आमच्या भावकीतली एकेक जमीन बरोबर शोधून काढली, माझी मान तेवढी तिच्या नजरेतून सुटली.

धाकट्या भावाला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि ठेवल्यावर पाठीत धपाटे खायचे तेही आत्यानेच. मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि जमलेल्या बायकांना माझी मान आणि बाळाची उजवी पापणी एकदमच दिसली. पापणीवर मसुराएवढा लाल ठिपका होता.

“आगं, आत्यावर गेलीया!” आई ओरडली. त्या आनंदात मला धपाटे जरा जास्तच पडले.

महिन्याभरात मसुराचा वाटाणा झाला. मऊ, फुगीर, लालभडक. भावजय घाबरली. “ताई, दाखवायचं का कुणाला?” मी काही बोलायच्या आत आईने माझी हनुवटी धरून मान वळवली आणि सगळ्यांना डाग दाखवला. “हिला काय झालं? नोकरी करतीया, घर सांभाळतीया, सगळ्यांना दटावतीया.” मी कुणाच्याही कामी पडते, पण पुरावा म्हणून पडेन असं वाटलं नव्हतं.

भाऊ चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याने यावर त्याच्या पद्धतीने उपाय काढला. दर रविवारी तो व्हर्नियर, म्हणजे कंपनीतलं बारीक माप घ्यायचं चिमट्यासारखं साधन, घेऊन लेकीचं लासं मोजायचा.

“अहो, लोखंड काय लावताय लेकराच्या डोळ्याला!”

“स्टीलचं आहे. सॅनिटायझरने पुसलंय.”

पहिले काही रविवार माप वाढलं, मग थांबलं. त्याने जाहीर केलं, “स्टेबल आहे. होल्डवर ठेवू.” कंपनीत पार्ट होल्डवर ठेवला की कुणी त्याला हात लावत नाही. आमच्याकडेही तेच झालं.

बाळ तीन महिन्यांचं झालं. एका दुपारी मी तिच्याशी कुक खेळत होते. ओढणीचं टोक तिच्या उजव्या डोळ्यावर धरलं. हसली. डाव्यावर धरलं, तर हातपाय झाडत भोकाड पसरलं. पुन्हा उजव्यावर, शांत. पुन्हा डाव्यावर, भोकाड. मला खेळात पक्षपात चालत नाही, म्हणून मी बारकाईने पाहिलं. वाटाणा रुंद झाला नव्हता, जाड झाला होता. त्याच्या वजनाने पापणी बुबुळावर उतरली होती. चांगला डोळा झाकला की पोरीपुढे अंधार होत होता.

“पण माप तेवढंच आहे,” भाऊ म्हणाला.

“लांबी-रुंदी मोजलीस. जाडी कोण मोजणार, कस्टमर?”

दुसऱ्या दिवशी त्याने शिफ्ट बदलून घेतली. नाशिक फाट्याला कंटेनरच्या रांगेत अडकलो तेव्हा तो पहिल्यांदा हळूच म्हणाला, “ताई, डोळा जाणार नाही ना?” मला माहीत नव्हतं. मी सांगितलं, गाडी चालव.

पिंपरीतल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी आधी माझ्याच मानेवर पारदर्शक काच दाबली. डाग फिका पडला. मग वाटाण्यावर हलकेच दाबली, तोही थोडा फिकटला. “दोन्हींचा रंग रक्ताचाच. पण दुखणी वेगळी. तुमच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या जन्मापासून रुंद आहेत. हा डाग आपोआप जात नाही. हिची रक्तवाहिन्यांची गाठ आहे. पहिले काही महिने झपाट्याने वाढते, मग काही वर्षांत आपली आपण ओसरते.”

“म्हणजे आत्यावर गेली नाही?” भावाने विचारलं.

“अजिबात नाही. पाठीवर असती तर आपण नुसतं लक्ष ठेवलं असतं. पण या वयात मेंदू बघायला शिकतो. एक डोळा झाकलेला राहिला तर त्याचा नाद सोडून देतो.”

त्यांनी बाळाची छाती तपासायला लावली आणि मग औषध सुरू केलं. ते मूळचं हृदयाचं, हे ऐकून भाऊ खुर्चीत बसला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली, म्हणजे उजव्याला बघावंच लागेल.

“चांगल्या डोळ्यावर?” आईने घरी कपाळाला हात लावला. “डाक्टरलाच दिसंना व्हय?”

पट्टीची वेळ मी माझ्याकडे घेतली. पहिले काही दिवस भाचीने घर डोक्यावर घेतलं. मग गाठ मऊ पडली, लाल रंगात राखाडी मिसळला, पापणी वर सरकली. भाऊ अजून व्हर्नियर घेऊन यायचा, भावजय दारातूनच परत पाठवायची.

परवा पट्टी लावून तिला मांडीवर घेतलं. रडली नाही. उजव्या डोळ्याने माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग हात पुढे केला आणि माझ्या मानेवरचा डाग नखाने खरवडायला लागली.

खरवड बाई, म्हटलं. निघायचा नाही. पण दिसतोय ना तुला.