उजव्या हाताचा जोगवा

बहात्तरच्या दुष्काळात देवघरात बसले तरी माझं लक्ष देवीकडे नसे, मागच्या खोलीतल्या खाटेकडे असे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अर्धांगवायूने पडून होत्या. उजवं अंग लुळं, बोलणं तुटक. यजमान नागापूरच्या कारखान्यात, आठवड्याने घरी येत. मी पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका. शाळेत जायचं तर त्यांच्याजवळ कोणीतरी हवं, आणि गावातल्या साऱ्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या. एखादं माणूस मिळू दे, असं मी देवीला साकडं घातलं, तेही रागानेच. ती ऐकते यावरचा माझा विश्वास तेव्हा पार उडत चालला होता.

त्यात आत्याबाईंनी अन्न सोडलं. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी, तीही जेमतेम. "बसून खानारं तोंड कशाला?" एवढंच म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी रडले, चिडले, देवीची शपथ घातली. दात घट्ट मिटलेले. घोटभर पाण्यावर दिवस काढत होत्या, आणि मला स्पष्ट दिसत होतं की ही बाई आता माझ्या डोळ्यांदेखत जाणार.

गयाबाई आली ती अशा वेळी. पाथर्डीकडची, दरसाल ऊसतोडीला जाणारी. यंदा ऊसच वाळला, म्हणून आमच्या गावात बहिणीकडे आलेली. खडी फोडताना डोळ्याला कपची लागली, ते काम सुटलं, तेव्हा बहिणीनेच तिला माझ्याकडे कामाला आणलं. "म्हातारीचं समदं करीन," ती म्हणाली, "पर मंगळवारी जोगव्याला जाईन. देवीचा नेम हाय." माझ्या घरी कामाला असलेली बाई दारोदार पीठ मागणार, हे मला काही रुचलं नाही. पण नडलेली मी होते.

मंगळवारी सकाळी शाळेला निघणार, तोच दारात आवाज आला, "उदो ग आई! जोगवा वाढा." गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि उभी कोण, तर आमचीच गयाबाई! मी ओंजळभर पीठ आणलं, तर तिने परडी मागे घेतली.

"तुमचा न्हाई, बाई. घरात थोरलं मानूस असताना धाकटीचा कसा घिऊ?"

ती सरळ आत जाऊन खाटेशी उभी राहिली. मी पिठाची परात आत्याबाईंच्या कडेला ठेवली. त्यांनी डावा हात उचलला आणि त्या थबकल्या. "डाव्या हातानं... देवीला?" असं पुटपुटल्या. त्याच डाव्या हाताने त्यांनी आपला लुळा उजवा हात धरला, परातीत दाबला आणि ओढत आणून परडीवर झटकला. तळव्याला चिकटलं होतं तेवढंच पीठ पडलं. गयाबाईने त्यातलं कणभर कपाळाला लावलं.

आणखी चार घरं मागून ती परत आली, त्या पिठाची भाकरी केली आणि आत्याबाईंच्या तोंडाशी घास नेला. जोगव्याची भाकरी म्हणजे प्रसाद, तो कसा नाकारणार? शिवाय त्यात त्यांचंही पीठ होतं. त्यांनी तोंड उघडलं. मी दाराआड पदरात तोंड खुपसून रडत होते. शाळा त्या दिवशी बुडालीच. पुढे त्या रोज थोडं खाऊ लागल्या. "मंगळवारी हात उचलाया पायजे," म्हणायच्या.

एकदा मी गयाबाईला विचारलं, हे तू मुद्दाम केलंस का? तिला हसूच आलं. "मुद्दाम कशाला, बाई? पाच घरं व्हावी लागत्यात. हे जवळचं हुतं."

आत्याबाई वाचल्या नाहीत. उन्हाळा सरता सरता गेल्या. सुतक फिटल्यानंतरच्या मंगळवारी गयाबाईने गाठोडं बांधलं आणि जाण्याआधी परडी घेऊन दारात उभी राहिली. सवयीने मी मागच्या खोलीकडे बघितलं.

"आता थोरल्या तुमीच, बाई."

माझा हात धडधाकट, पण तो परातीतून उचलेना. शेवटी डाव्या हाताने मनगट धरून मी तो उचलला.

आता मी स्वतः खाटेवर असते. मुलाने माझ्यासाठी बाई ठेवली आहे. तिच्या हातून घास घेताना फार लाज वाटते, कधीकधी तोंड फिरवावंसं वाटतं. मग आठवतं, त्या दुष्काळात देवीने माझ्या दारात येऊन हात पसरला होता, आणि तिला लाज वाटली नव्हती. मी मनातल्या मनात तिला नमस्कार करते आणि तोंड उघडते.