धामापूरचे गाऱ्हाणे

एका म्हातारीने मला विचारलेला प्रश्न इतकी वर्षे माझ्याबरोबर आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आता नीट आठवत नाहीत. हे प्रकरण साध्या चौकशीचे होते आणि शेवटी त्यात गुन्हाही निघाला नाही. तरी ते मनातून जात नाही.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि मालवणचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. हद्दीवरून येणाऱ्या बायकांची झडती घ्यायला बाईमाणूस हवे होते, शिवाय परकीयांच्या नोंदणीचे कागद इंग्रजीत असत. म्हणून मला नवीनच असताना मुंबईहून तिकडे पाठवले. माझी शाळा इंग्रजी, स्वभाव बुजरा. मालवणी कळू लागली होती, पण बोलायला तोंड उघडत नसे. परवान्याशिवाय गोव्याचा माणूस आपल्या हद्दीत राहिला तर तो गुन्हा, आणि त्याला घरात ठेवून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा. अशा खबरा वरचेवर येत. बऱ्याचशा भाऊबंदकीतून आलेल्या असत.

ही खबर आणली मासे विकणाऱ्या एका बाईने. पाटी ठाण्याच्या पायरीवर ठेवून ती सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"बायसायब, दोन बायकांच्या घरात दोन दोन वाटे बांगडे कोण खाता, ता माका सांगा."

किनाऱ्यालगतच्या एका गावात एक विधवा आणि तिची लग्नाची मुलगी राहत होत्या. मुलगा बहारीनला, तेलकंपनीत.

"पयली एक वाटो घेय. आता दोन घेता, आणि भाव करणा नाय. भाव न करता मासे घेणारी बाईल मी अजून बगूक नाय."

आमचे जमादार त्याच भागातले. ते डायरीतून मान वर न काढता म्हणाले, "पयल्यांदाच तुझे मासे ताजे गावले आसतले तिका."

"तुमी गप रवा, जमादारानू. पयली माका पेजेक बसवी, आता गडग्याभायर उबी करता. परसात लुंगी वाळत होती, सिगरेटीचो वास येय होतो. गोयकार लपवलेलो आसा थंय."

स्टेशन डायरीला नोंद झाली. चौकशीला जमादार गेले आणि गूळपाणी घेऊन परत आले.

"बाईसाहेब, म्हातारी नीट बोलली. मुलगा परदेशात, घरात दोघीच, असं म्हणते. मी अंगणातूनच परतलो. आत बघायचं तर बाईमाणूस हवं."

म्हणजे मला जावे लागणार होते. त्याआधी एका साक्षीदार बाईवर समन्स बजावायला मी धामापूरला गेले. गणवेशात नव्हते. काम झाल्यावर तळ्याकाठच्या भगवतीच्या देवळात गेले. तिथे एक म्हातारी गुरवापुढे नारळ धरून उभी होती. तिकडे देवापुढे गाऱ्हाणे घालतात. गुरव मोठ्याने देवाला सारी हकीकत सांगतो आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. म्हातारीबरोबर कुणीच नव्हते.

गुरवाने माझ्याकडे पाहिले. "बाय, तुमी व्हय म्हणा. गाऱ्हाण्याक एकतरी माणूस होया." मग म्हातारीला विचारले, "नाव काय घालू?"

"नाव नको. देवीक ठावक आसा."

गुरव म्हणाला, "बा देवी भगवती, परमुलखात गेलेलो ह्या बायेचो झील सुखरूप घराक इलो, म्हणान नवसाचो नारळ तुज्या पायार ठेवता. तो मान्य करून घे."

झील म्हणजे मुलगा, एवढे मला कळत होते. मी म्हटले, "व्हय म्हाराजा." आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. म्हातारीने वळून माझ्याकडे पाहिले आणि हात जोडले.

पुढे दोनच दिवसांनी मी त्या गावातल्या घराचे दार वाजवले. दार उघडले ते तिनेच.

तिने माझा चेहरा पाहिला, मग गणवेश पाहिला. जमादारांना मी अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर थांबवले होते. मी नेमाचा प्रश्न विचारला, "आजी, घरात कोण कोण असतं?"

"मी आणि माझी मुलगी. मुलगा बहारीनला असतो."

एवढे बोलणे तिने शुद्ध मराठीत केले, कचेरीत बोलतात तसे. तिकडची माणसे सरकारी माणसाशी अशीच बोलतात, त्यात वावगे काही नाही. पण देवीपुढे ती आपल्या बोलीत होती, हे मी ऐकलेले होते. माझ्याकडे दुसरा कसलाही पुरावा नव्हता. मी विचारले, "मग धामापूरला नारळ कुणासाठी ठेवलात?"

ती उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "देवीकडे बोललेला तुमी हंय घेवन इलास?"

हाच तो प्रश्न. 

आतून एक तिशीचा माणूस बाहेर आला. त्या किनाऱ्यावर एवढा पांढरा पडलेला पुरुष मी पाहिला नव्हता. पावसाळा सरल्यापासून त्याने ऊन पाहिले नव्हते. त्याच्यामागे बहीण दाराला धरून उभी राहिली.

"मी चोरी करूक नाय, बायसायब," तो म्हणाला.

तो तिकडे वीजकामावर फिटर होता. मुकादमाशी पटेना, म्हणून कंपनी सोडून त्याने एका दुकानदाराकडे काम धरले. "मुंबईत एक नोकरी सोडून दुसरी धरली तर कोण इचारता? थंय माजो रवण्याचो परवानो कंपनीच्या नावार होतो. कंपनी सुटली, तसो परवानोय गेलो. जुन्या मालकाची हरकत नाय असो कागद लागता म्हणे. माका कोणी सांगूक नाय." तपासणीत सापडला, कोठडीत बसला आणि बोटीवर चढवला गेला. पासपोर्ट तिकडेच अडकला. एकदाच्या प्रवासाचा कागद मिळाला होता, तो मुंबईच्या धक्क्यावर जमा झाला. जेवणे उरकून गाव आडवा झालेला असताना, भर दुपारी वाळूवरून चालत तो घरी आला आणि आत शिरला तो बाहेर पडला नाही.

कारण बहिणीचे लग्न कसालला ठरले होते. भाऊ बहारीनला आहे, हे ऐकून ठरले होते.

घरात गोव्याचा माणूस नाही, एवढे कळल्यावर चौकशी संपायला हवी होती. पण ठाण्याच्या फौजदारांनी विचारले, "कागद?" कागद एकही नव्हता. "मग तो कुठला हे आपण काय म्हणून लिहायचं? गावातलं कुणीतरी समोर उभं करा, ओळखू दे, जबाब घ्या." नियमाने ते बरोबर होते. म्हणजे तो परका नाही हे ठरवायला, तो ज्यांच्यापासून लपला होता त्यांच्यातलेच कुणीतरी बोलवावे लागणार होते. आईने एकही नाव सांगितले नाही. शेवटी खबर देणारीलाच बोलावले, तिचा जबाब तसाही घ्यायचा होता.

तो ठाण्यातल्या बाकावर आई आणि बहिणीच्या मध्ये मान खाली घालून बसला होता. ती आली, वाकून त्याचे तोंड पाहिले आणि हसलीच. "हो? हो गोयकार खंयचो? हो आमचोच. ल्हानपणी माज्या पाटयेतली सुंगटा घेवन पळे."

तो हसला नाही. तिने त्याच्या आईकडे पाहिले, मग बहिणीकडे, आणि पदर तोंडावर घेतला. जमादारांनी शाईचे पॅड पुढे सरकवले. जबाबावर अंगठा लावताना तिने मला हळूच विचारले, "बायसायब, मी सांगललंय ता परत घेवक येता?"

येत नाही, असे मी तिला सांगितले.

मी लिहिले, 'सदर इसम भारतीय असून याच गावचा रहिवासी आहे.' प्रकरण दफ्तरी दाखल झाले. मासेवालीने बाहेर एक शब्द काढला नाही, हे जमादारांनी मला नंतर सांगितले, आणि त्यांना त्याचे नवल वाटत होते. पण ठाण्याची पायरी चढल्यावर त्या माणसाला परत आत बसवेना. दुसऱ्या दिवशी तो स्वतः कसालला गेला आणि सगळे सांगून आला. त्यांनी त्याला जेवायला वाढले आणि निघताना मुलीची पत्रिका परत दिली.

हे कळले तेव्हा मी ठाण्यात एकटीच होते. डायरी उघडून तो शेरा पुन्हा वाचला. त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कुणी विचारले तर दोन गोष्टी सांगते. कागद मागायला कुणाच्या दारात जायचे असेल तर एकटीने जावे, साध्या साडीत जावे, आणि शेजारी बघतील असे उभे राहू नये. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला मी हे सांगितले. दुसरी गोष्ट मी कुणाला शिकवू शकले नाही. माणूस पोलिसांशी खोटे बोलतो तेव्हा तो काहीतरी लपवतो, हे आम्हाला शिकवलेले असते. तो खरे कुठे बोलतो तेही आम्ही शोधून काढतो. आणि मग ती एक जागाही त्याला राहत नाही.

काही दिवसांनी मासेवाली पुन्हा ठाण्यात आली, या वेळी पाटी न घेता. "म्हातारी गावच्या देवळात गाऱ्हाणा घालता. आयतवारी. तुमका सांगूक सांगल्यान हा."

मी गेले आणि मागे खांबाशी उभी राहिले. गाव जमला होता. म्हातारी पुढे, तिच्यामागे मुलगा, बाजूला बहीण. या वेळी म्हातारीने गुरवाला सगळे सांगितले होते. त्याने मुलाचे नाव घातले, बापाचे घातले, घराचे घातले. "बा देवा म्हाराजा, पोटासाठी परमुलखात गेलेलो हो तुजो लेकरू. थंय तेका रवाक दिल्यानी नाय. तो आपल्या घराक परत इलो, तेका पदरात घे."

कुणीच बोलले नाही. मुलाची मान खाली गेली. मग बायकांच्या घोळक्यातून मासेवालीचा खडा आवाज आला, बाजारात ओरडते तसा.

"व्हय म्हाराजा!"

मग सगळे म्हणाले. पुढच्या वाक्याला आणखी मोठ्याने म्हणाले. म्हातारीने वळून मागे पाहिले, गर्दीवरून तिची नजर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. धामापूरला गुरवाने सांगितले म्हणून मी 'व्हय' म्हटले होते. इथे मला कुणी सांगितले नव्हते, आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.